काउंटी कमिटीत जाऊ का? आणि एच-वन-बी व्हिसावाल्यांनी काय करायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आमची सिटिझनशिप आत्ताच झाली. शेजारी एक गुजराती काका आहेत ते म्हणतात आमच्या पक्षाच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कमिटीत तुमच्या भागातली जागा रिकामी आहे, तू ये. मला वाटलं आपल्याकडे शाखाप्रमुख असतात तसलं काहीतरी, म्हणजे सतरंज्या उचलायचं काम. नवरा म्हणतो टाइमपास आहे नुसता. नक्की काय असतं हे?

उत्तर : सतरंज्या उचलाव्या लागतातच थोड्याफार, खोटं कशाला सांगू. दारोदार फिरायचं, फोन करायचे, लोकांच्या लॉनवर पाट्या रोवायच्या, दिवाळी मेळ्यात टेबल टाकून व्होटर रजिस्ट्रेशनचे फॉर्म भरून घ्यायचे, हे सगळं कमिटीवाल्यांच्याच गळ्यात पडतं. पण ही नेमणूक नाहीये, निवडणूक आहे, आणि तिथेच फरक आहे. जूनच्या प्रायमरीत (पक्षाच्या आतल्या निवडणुकीत) तुमच्या एका मतदान केंद्राच्या हद्दीतून, म्हणजे चार गल्ल्या आणि एखादं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स धरा, साधारण दोन जण निवडले जातात. अर्ज टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, क्लार्ककडे द्यायचा, सह्या थोड्याच लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी समोर कोणी उभंच राहत नाही त्यामुळे आपलं आपणच निवडून येतो! अधेमधे जागा रिकामी असली की कमिटीच ती भरते, काका त्याबद्दलच बोलत असणार. फक्त त्या पक्षात तुमची नोंद पाहिजे.

आता एवढ्याशा जागेत असं काय आहे, तर ऐका. काउंटीचा पक्षाध्यक्ष हीच मंडळी निवडतात. राज्याच्या असेंब्लीतला किंवा सिनेटमधला आमदार मधेच राजीनामा देऊन गेला की पुढची निवडणूक होईपर्यंत त्याच्या खुर्चीत कोण बसणार हे त्याच पक्षाचे त्या मतदारसंघातले कमिटी मेंबर मत देऊन ठरवतात, पब्लिक नाही. एडिसनसारख्या गावात, जिथे पक्षाच्या नावावर कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, निवडणूक होते, तिथे कौन्सिलमधली जागा रिकामी झाली तर पक्षाची गावातली कमिटी तीन नावं देते आणि कौन्सिल त्यातलं एक उचलते. म्हणजे गावात कोणाला कळायच्या आत माणूस खुर्चीत, आणि पुढच्या वेळी तो "विद्यमान" म्हणून मतं मागायला येतो.

पूर्वी तर अध्यक्षांची ताकद याहून मोठी होती. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार बॅलटवर एकाच ओळीत छापायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्याला "लाइन" म्हणायचे. आपल्याकडे एबी फॉर्मसाठी जी मारामारी चालते ना, इथे तीच लाइनसाठी. २०२४ मध्ये इथले तेव्हाचे खासदार अँडी किम अमेरिकेच्या सिनेटला उभे राहिले, समोर तेव्हाच्या गव्हर्नरच्या पत्नी टॅमी मर्फी, आणि बऱ्याच मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष टॅमीबाईंच्या बाजूने. किम कोर्टात गेले. मार्चमध्ये टॅमीबाईंनी माघार घेतली आणि २९ मार्चला फेडरल जज झाहिद कुरैशींनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन बंद पाडली, मग २०२५ मध्ये कायदाच आला की प्रत्येक पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत छापायचे. त्यामुळे माझं मत असं की हीच वेळ आहे आत शिरायची, कारण आता नुसत्या अध्यक्षाच्या शब्दावर भागत नाही, दारावर जाऊन बोलणारी माणसं लागतात, आणि मराठी, गुजराती, तेलुगू घरात चप्पल काढून आत जाऊन बसू शकेल असा माणूस पक्षाकडे कमीच असतो.

मीटिंगला मात्र जास्त अपेक्षा ठेवून जाऊ नका. फायर हाउसचा हॉल, घडीच्या खुर्च्या, गार झालेला पिझ्झा, आधी झेंड्याची शपथ, मग मागच्या मीटिंगचे मिनिट्स, मग पार्किंगवरून अर्धा तास भांडण. आपली मंडळी गाला पार्टीला आमदारासोबत फोटो काढायला हौसेने जातात आणि या बोअर मीटिंगला जात नाहीत, आणि नंतर म्हणतात आपल्याला कोणी विचारत नाही.

नवऱ्याला एवढंच सांगा, नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवात आधी लिन-मार भागातल्या शाळांच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, १९९६ मध्ये, आणि २००२ मध्ये आयोवाच्या हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या विधानसभेत. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले, २०२० ला राज्याच्या हाउसमध्ये गेले, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत.

प्रश्न : मी एच-वन-बी वर आहे. मित्र एका कॅम्पेनमध्ये बोलावतोय, जाऊ का? थोडे डॉलर दिले तर चालतात का?

उत्तर : जा, पण डॉलर खिशातच ठेवा. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने काँग्रेस असो, राज्य असो की गावचं कौन्सिल, कुठल्याच निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत, फेडरल कायदाच आहे तसा. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. सिटिझन मित्राच्या नावाने आपले पैसे देणं हा तर आणखी वेगळा गुन्हा, ती हुशारी नको. बिनपगारी मदत करता येते, फक्त पैसा कुठे खर्चायचा, कोणाला उभं करायचं असल्या निर्णयात भाग घ्यायचा नाही. आणि एक महत्त्वाचं, लायसन्सच्या कामाला एमव्हीसीत (न्यू जर्सीचं आरटीओ) गेलात की व्होटर रजिस्ट्रेशनचं विचारतात, तिथे घाईत "हो" म्हणून टाकू नका, सिटिझन नसताना नाव लागलं तर पुढे ग्रीन कार्ड आणि सिटिझनशिप दोन्ही अडचणीत येतात.

प्रश्न : आम्ही टेक्सासला, फ्रिस्कोला. इकडे पण असंच का?

उत्तर : नाव वेगळं, प्रिसिंक्ट चेअर म्हणतात, प्रिसिंक्ट म्हणजे मतदान केंद्राची हद्द. सम वर्षातल्या मार्चच्या प्रायमरीत निवडतात, मुदत दोन वर्षं. तुमच्याकडे मतदाराची पक्षात वेगळी नोंदणी नसते, ज्या प्रायमरीत मत दिलं त्या पक्षाचे तुम्ही त्या वर्षापुरते. रिकाम्या जागा काउंटीची कमिटी भरते. तेव्हा काउंटीच्या पक्ष ऑफिसला फोन करून आपला प्रिसिंक्ट नंबर सांगा आणि तिथे कोणी आहे का ते विचारा, नंबर व्होटर कार्डावरच असतो.