वाचकांचे प्रश्न : ‘टॅबू’ आणि रंगवलेला चेहरा

प्रश्न : मी सात वर्षे दशावतारी मंडळीत स्त्रीपार्ट करतो. मुंबईला नोकरीस असलेल्या माझ्या मावसभावाने मला ‘टॅबू’ या इंग्रजी संगीत नाटकातील गाणी ऐकवली आणि “हे तुमच्याच कलेचे नाटक आहे,” असे तो म्हणाला. ते न्यूयॉर्कमध्ये शंभर प्रयोगांत बंद पडले, हेही त्यानेच सांगितले. हे नाटक नेमके कशाबद्दल आहे, ते का पडले, आणि आमच्याकडे मराठीत बसवता येईल का?
— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या मावसभावाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे नीट समजून घेतल्याखेरीज हे नाटक हाती लागत नाही.

‘टॅबू’ हे नाव लंडनमधील एका नाइट क्लबचे आहे. ली बावरी या ऑस्ट्रेलियातून आलेल्या वेषकाराने तो 1985 मध्ये लेस्टर स्क्वेअर भागात सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो बंद झाला. दारावरचा माणूस येणाऱ्यासमोर आरसा धरून “तुम्ही स्वतःला आत घेतले असते का?” असे विचारत असे, ही त्या क्लबची आठवण आजही सांगितली जाते. आत शिरण्यासाठी तिकिटापेक्षा रूप महत्त्वाचे होते, आणि ते रूप दुकानात विकत मिळणारे नव्हते. आठवडाभर शिवून, चिकटवून, रंगवून ते घरीच तयार करावे लागे. या नाटकाची गाणी लिहिणारा बॉय जॉर्ज, म्हणजे जॉर्ज ओडाउड, लंडनच्या अशाच क्लबांच्या जगातून त्याआधीच वर आला होता. 1982 मध्ये ‘कल्चर क्लब’ या वाद्यवृंदाबरोबर तो टीव्हीवर दिसला, तेव्हा हा मुलगा की मुलगी, हीच चर्चा त्याच्या आवाजापेक्षा जास्त झाली. थोड्याच काळात कीर्ती शिगेला पोहोचली आणि 1986 मध्ये त्याच्या हेरॉइनच्या व्यसनाच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या. नाटक या चढउताराची गोष्ट सांगते, आणि तिच्या शेजारी बावरीची गोष्ट ठेवते. बावरी 31 डिसेंबर 1994 रोजी एड्सशी संबंधित आजाराने वारला, तेव्हा तो फक्त 33 वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याची पत्नी निकोला गाते ते गाणे मला या नाटकातील सर्वांत उत्तम वाटते, कारण तेथे झगमगाट संपतो आणि उरतो तो फक्त एक आजारी माणूस.

आता आपल्या कलेशी असलेले नाते. जत्रेच्या रात्री देवळाच्या बाजूला पेटाऱ्यावर आरसा टेकवून आपण स्वतःच्या हाताने तोंड रंगवता, लुगडे नेसता, आणि पायपेटी, मृदंग व झांजा सुरू झाल्या की पहाटेच्या धयकाल्यापर्यंत (दहीकाल्यापर्यंत) द्रौपदी किंवा तारामती होता. संवाद लिहिलेला नसतो, तो उभ्या उभ्या सुचवावा लागतो. स्वतःला आपल्या हाताने घडवणे, ही गोष्ट बावरीच्या मंडळींशी नक्कीच जुळते. परंतु आपल्या रूपाला गावाची आणि पुराणाची मान्यता आहे. समोर बसलेल्या आजीला द्रौपदी कोण हे आधीच माहीत असते, आणि सकाळी रंग पुसून आपण शेतावर गेलात तर त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. बावरीच्या रूपाला असे आधी ठरलेले पात्र नव्हते. तो ज्याचे सोंग घेत होता ते पात्र तो स्वतःच होता, आणि म्हणून ते सोंग उतरवून ठेवायची जागा त्याच्याकडे नव्हती. 1988 मध्ये अँथनी डॉफे यांच्या लंडनच्या कलादालनात तो अशा काचेमागे बसला की बाहेरच्यांना तो दिसे आणि त्याला मात्र त्या काचेत स्वतःशिवाय काहीच दिसत नसे. ‘टॅबू’ बसवणाऱ्याने हे दृश्य सतत डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडची अधिक जवळची तुलना बालगंधर्वांची आहे. त्यांच्या लुगड्याची आणि केशरचनेची नक्कल घराघरातल्या स्त्रिया करत, आणि 1935 मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले तेव्हा पुरुषवेषातले बालगंधर्व पाहणे पुष्कळ चाहत्यांना जड गेले. लोकांना माणूस नको असतो, त्यांना आवडलेले रूपच हवे असते. ‘टॅबू’मधला जॉर्ज याच पेचात सापडतो.

न्यूयॉर्कचे अपयश मी नाटकाच्या माथी मारणार नाही. 2002 मध्ये ते लंडनला ‘द व्हेन्यू’ या एका चर्चखालच्या छोट्या नाट्यगृहात, मूळ क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुरू झाले. नोव्हेंबर 2003 मध्ये अभिनेत्री रोझी ओडॉनेल यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घालून ते ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांपैकी, प्लिमथ थिएटरमध्ये आणले. ते सुमारे हजार आसनांचे. संहिता चार्ल्स बुश यांच्याकडून नव्याने लिहून घेतली, परीक्षणे बहुतांशी प्रतिकूल आली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये शंभराव्या प्रयोगानंतर पडदा पडला. तरीही संगीत, वेषभूषा आणि दोन नट यांसाठी टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्काराची नामांकने मिळाली. माझ्या मते पहिले नुकसान जागेने केले. देवळासमोरच्या अंगणात हाताच्या अंतरावर बसलेल्या प्रेक्षकांत दशावतारातला संकासूर राक्षस शिरतो तेव्हा जी धडकी भरते, ती मोठ्या सभागृहाच्या पंचविसाव्या रांगेत पोहोचत नाही. ज्या क्लबची सारी मजा दाटीवाटीत होती, त्याचेही तसेच झाले.

मराठीत बसवायचे असेल, तर आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. भाषांतर आणि गाण्यांचा वापर या दोन्हींसाठी ती स्वतंत्रपणे स्पष्ट करून घ्यावी आणि ती हाती येईपर्यंत तालीम सुरू करू नये. परवानगी मिळालीच, तर लंडनचे रूपांतर कोकणात करण्याचा मोह टाळावा. पात्रांना लंडनमध्येच राहू द्यावे आणि भाषा मात्र आपली असू द्यावी.

प्रश्न : बॉय जॉर्ज स्वतः रंगमंचावर होता, तरी नाटकात जॉर्जची भूमिका दुसऱ्याच नटाने केली, असे वाचले. असे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होय. तरुण जॉर्ज युअन मॉर्टन या नटाने साकारला आणि जॉर्जने ब्रॉडवेवर ली बावरीची भूमिका केली. लंडनमध्ये ती आधी मॅट लुकासने केली होती. वयाचा हिशेब आहेच, कारण चाळिशी ओलांडलेल्या माणसाने विशीतला स्वतः होणे अवघड. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या रूपाने त्याला जगभर ओळख दिली, ते रूप त्याने दुसऱ्याच्या तोंडावर रंगवलेले पाहिले, आणि स्वतः मेलेल्या मित्राचे रूप अंगावर घेऊन रोज रात्री त्याच्या मरणापर्यंत चालत गेला. आपल्या वेंगुर्ल्यात म्हाताऱ्या झालेल्या स्त्रीपार्टीने आपली पैंजणे एखाद्या मुलाच्या पायात बांधली आणि त्याच रात्री आपल्या दिवंगत जोडीदाराचा राजपार्ट स्वतः केला, असे समजा; विंगेतून त्या मुलाकडे पाहताना त्याला काय वाटेल, तेच जॉर्जला वाटत असावे.