जिनिंगमधून हिशेब घेताना

भाऊ, जिनिंगमधलं (कापसाच्या कारखान्यातलं) काम सुटल्यावर शेवटचा हिशेब घेताना मालक म्हणतो म्हणून एकरकमी आकड्यावर सही करू नको. आधी रकमेची फोड लिहून माग. पीएफ आणि टॅक्स प्रत्येक रकमेला वेगळा लागतो.

चालू महिन्याच्या पगारातून पीएफ कापतील, ते बरोबर. ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांमागे मिळणारी रक्कम), कामावरून कमी केल्याची नुकसानभरपाई आणि शिल्लक रजेचे पैसे यांतून मात्र पीएफ कापू देऊ नको. आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

ग्रॅच्युइटी अशी मोज: तुझी महिन्याची बेसिक अन् महागाई मिळून १३,००० असेल, तर भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे एका वर्षाचे ७,५००. आठ वर्षांची ग्रॅच्युइटी ६०,०००. फक्त कापसाच्या हंगामापुरता कामगार असेल तर हंगामामागे सात दिवसांचा पगार. हा हिशेब स्वतः कागदावर मांड, मगच ऑफिसात जा.

एवढ्या रकमेवर टॅक्स नाही. कायद्यानं मिळणारी ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत माफ आहे. नोटिशीच्या बदल्यातला पगार मात्र करपात्र.

पीएफ लगेच काढू नको. दुसरीकडं लागलास तर त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर; पीएफ काढताना टॅक्स लागू नये म्हणून जी पाच वर्षं भरावी लागतात, त्यांत जुनी नोकरी मोजली जाते. अन् आधारवरचं नाव पीएफ खात्यातल्या नावाशी आजच जुळवून घे.