महिलांसाठीचे पत्रक गुलाबीच असावे का?

महिला आरोग्य शिबिराच्या पत्रकाचा तुमचा आराखडा पाहिला. मांडणी नेटकी आहे. मात्र गुलाबी पार्श्वभूमी आणि बारीक, लफ्फेदार अक्षरे ही निवड विषयातून नव्हे, तर सवयीतून आली आहे. नवशिक्यांकडून ही चूक हमखास होते (माझ्याकडूनही झाली होती).

रंगाचे लिंग निसर्गाने नव्हे, बाजाराने ठरवले. १९१८ साली अमेरिकेतील एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग ठाम म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना शोभतो, असे लिहिले होते. आपल्याकडेही लग्नात गुलाबी फेटा पुरुष मिरवतात.

अक्षरांचेही तसेच आहे. बारीक ते स्त्रीचे आणि जाड ते पुरुषाचे, हे समीकरण मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ हा टंक (फॉन्ट) सहज मोडतो, कारण तो भरपूर जाड असूनही गोलसर आणि मऊ वाटतो. शिवाय देवनागरीत बारीक टंक लहान आकारात छापला, की रफार आणि अनुस्वार पुसट होतात, आणि तुमचे पत्रक साठीच्या आजीही वाचणार आहेत.

तूर्त एवढेच करा:

- पत्रक आधी केवळ काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करा.
- तारीख व ठिकाण हातभर अंतरावरून वाचता येते का, ते पाहा.
- मग एकच रंग निवडा आणि तोच का, हे एका वाक्यात लिहा. ‘बायकांना आवडतो’ हे कारण धरू नका.

रंगसंगतीचे शास्त्र पुढच्या कामाच्या वेळी पाहू.