गावात सगळे ओळखतात, मग ग्रुपला जाऊ कसा?

प्रश्न: सर, माझं वय ४३, बार्शीत हार्डवेअरचं दुकान आहे. दारू बंद करून आज २४ दिवस झाले, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, ते म्हणतात नुसत्या गोळ्यांवर राहू नका, एखादा ग्रुप बघा. मोबाईलवर शोधलं तर पुण्या-मुंबईचंच दिसतं. आणि इथे सगळे ओळखतात, आत जाताना कुणी बघितलं तर? मोठा भाऊ म्हणतो पंढरपूरला जा, माळ घाल, सुटेल. ग्रुपची फी किती असते, देवाधर्माचं काही असतं का? अजून एक, बायको मधे मला न सांगता चहातून कसलीतरी पावडर देत होती हे आत्ता कळलं, डोकं फिरलंय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर: दादा, आधी पावडरचं बघू. भिंतीवर जाहिरात असते ना, 'न कळत दारू सोडवा', त्यातलीच असणार. पुडीत काय असतं कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम असेल तर ते खरं औषध आहे, पण त्याच्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम पडतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ते पेशंटला सांगूनच देतात. उरलेली पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. वहिनींवर मात्र चिडू नका, तुमचं पिणं बघून बघून त्यांनी सगळे उपाय करून पाहिले असतील. त्यांच्यासारख्या घरच्या माणसांसाठी अल्-अनॉन नावाचे गट असतात, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा 'सहचरी' गट आहे, त्यांनाही कुणाशीतरी बोलायला मिळू दे.

(इतर वाचकांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. यांच्यासारखं डॉक्टरांना विचारून करा.)

आता ग्रुप. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे एए म्हणतात. फी शून्य. शेवटी एक पिशवी फिरते, जमलं तर दहा-वीस टाका, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. बाहेरच्या माणसाची देणगी तर घेतच नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. प्रार्थना असते, 'उच्चशक्ती' असा शब्द येतो, पण ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं, आमच्यात एक पक्का नास्तिक आहे, तो म्हणतो माझी उच्चशक्ती म्हणजे हा ग्रुपच.

माळ घालायची तर खुशाल घाला. माळकऱ्याला लग्नात कुणी 'एकच घे रे' म्हणून आग्रह करत नाही, हा केवढा फायदा आहे! पण मी बघितलंय, एखाद्या दिवशी पाय घसरला की माणूस माळ काढून खुंटीला लावतो आणि मग शरमेनेच दुप्पट पितो, कारण आता कुठल्या तोंडाने परत जायचं. ग्रुपमध्ये त्याला स्लिप म्हणतात, दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं 'काल प्यायलो', लोक ऐकून घेतात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात. मी स्वतः तीनदा एकपासून मोजलंय.

लोक बघतील म्हणता, पण दादा तुम्ही पीत होता तेव्हा गावाने बघितलं नव्हतं का? हे बोलायला सोपं आहे म्हणा, मी स्वतः पहिल्यांदा हॉलवरून स्कूटरने तीन चकरा मारल्या आणि मग हेल्मेट घालूनच आत शिरलो. एकाने चहा दिला तो अर्धाच कप, मनात म्हटलं काय कंजूस लोक आहेत, आणि कप हातात घेतला तर तो थरथरत होता. नव्या माणसाला अर्धाच द्यायचा असतो हे नंतर कळलं. तिथे आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर जात नाही. या सदरावर माझं नाव नसतं त्याचंही कारण हेच.

शोधायचं कसं? पाटी नसते बऱ्याचदा, शाळेची खोली नाहीतर चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला असतो, म्हणून मोबाईलवर सापडत नाही. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन करा, जवळ काय सोय आहे ते विचारा, मन फारच बिघडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही विचारा, तिथल्या समाजसेवकांना बरोबर माहीत असतं. ऑनलाइन मीटिंगाही असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

बार्शीत नाहीच मिळाला तर? १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअरदलाल धंद्यात आपटून हॉटेलात उतरला होता, प्यावीशी वाटायला लागली म्हणून बोलायला आपल्यासारखाच दुसरा कुणी मिळतो का ते फोन करकरून शोधत बसला, आणि त्याला एक सर्जन भेटला. त्या डॉक्टरने १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच एएचा वाढदिवस धरतात. म्हणजे सुरुवात दोघांचीच. तुमच्या डॉक्टरांकडे अजून एखादा पेशंट असेलच, त्याची तयारी असेल तर गाठ घालून द्या म्हणा. तोवर सोलापूर गाठा, ७० किलोमीटर आहे, पहिल्या महिन्यात दोनदा तरी. आधी चौकशी करून ओपन मीटिंग कधी असते ते विचारा, तिला वहिनींनाही नेता येतं.

आणि हेल्मेट घालून गेलात तरी हरकत नाही, चहा प्यायला काढावंच लागतं.