वाचक विचारतात : जाडजूड कादंबरी अर्ध्यावर का सुटते?

प्रश्न : मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यमात आहे. मराठी छान बोलतो, वाचताना अडखळतो. वाढदिवसाला मिळालेली जादूच्या दुनियेतली कादंबरी त्यानं चाळीस पानांतच ठेवून दिली. उन्हाळ्याच्या सुट्यांत काय द्यावं?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : त्याला असली पुस्तकं आवडत नाहीत, असं लगेच ठरवू नका. अशा कादंबऱ्यांत सुरुवातीलाच राज्यं, घराणी, मंत्र यांची नावं धडाधड येतात. वाचनाचा वेग कमी असला की मागचं नाव आठवेपर्यंत पुढची गोष्ट निसटते. ते पुस्तक तूर्त कपाटात राहू द्या आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून सुरुवात करा. सायकल, पुण्यातली शाळा, तोंडाने काढलेला ‘ट्टॉक’. संवाद भरपूर, आणि मागचं पुस्तक वाचलेलं नसलं तरी अडत नाही.

पुस्तक घेण्याआधी मधलंच एखादं पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. अर्थ न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. एक-दोन बोटं चालतील. पाचही मुडपली तर ते पुस्तक सध्या तुम्हीच वाचून दाखवायचं. जोडाक्षरावर अडखळून पुढे अर्थ बरोबर सांगितला, तर बोट मुडपू नका. शब्द त्याला येतोय, फक्त डोळ्यांना सवय नाही. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा आणि ऐन पेचात थांबा. दुपारच्या उन्हात तसंही बाहेर पडता येत नाही. रोज वीस मिनिटं पुरेत.

मग ‘जंगल बुक’चा पूर्ण अनुवाद द्या. सिवनीचे डोंगर, वैनगंगा हा आपल्या शेजारचाच मुलूख, पेंचच्या पलीकडचा. मात्र १८९४ च्या मूळ पुस्तकातल्या सात कथांपैकी मोगलीच्या तीनच आहेत. मोगली संपून अचानक बर्फातल्या सीलची गोष्ट सुरू झाली की मुलं गोंधळतात. आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. हॅरी पॉटरचे तीन भाग तिनं भराभर संपवले. चौथा द्यावा का? आणि संक्षिप्त आवृत्त्या चालतात का?
– एक वडील, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जरूर द्या. फक्त तो तिसऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे आणि शेवटाकडे एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो. मालिका तिथून गडद होत जाते. आठवीच्या मुलीला हे झेपतं. तिसरीतला धाकटा भाऊ मागे लागला, तर त्याला पहिल्या दोन भागांवरच थांबवा. नंतर जयंत नारळीकरांचं ‘प्रेषित’ द्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची भाषा जुनी आहे, म्हणून पहिली काही प्रकरणं सोबत बसून वाचा.

संक्षिप्त आवृत्ती घेताना काय गाळलंय ते बघा. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासात मुंबईहून निघालेली आगगाडी रूळ संपल्यामुळे थांबते आणि कादंबरीचा नायक फॉग हत्ती विकत घेतो. हा भाग दोन ओळींत उरकला असेल, तर ती प्रत घेऊ नका. चांगली प्रत मिळाली की शेजारी जगाचा नकाशा ठेवा आणि तिला मार्ग पेन्सिलीनं आखायला सांगा. फॉग पूर्वेकडेच का निघाला, याला शेवटच्या पानांत फार महत्त्व आहे. ते तिचं तिलाच शोधू द्या.