गूढ शब्दकोडे: वाचकांच्या शंका आणि आमची उत्तरे

मागील अंकातील गूढ शब्दकोडे फार अवघड गेले, असे बहुतेक पत्रांचे म्हणणे आहे. उत्तरे पाहिल्यावर आनंद झाल्याचे अनेकांनी कळवले, तर काहींनी आमच्याशी भांडण मांडले. ज्यांनी भांडण मांडले त्यांनी प्रत्येक सूत्र (उत्तराकडे नेणारी ओळ; कंसातील आकडा म्हणजे उत्तरातील अक्षरांची संख्या) अक्षर न् अक्षर वाचले होते, म्हणून आज त्यांच्याच पत्रांना अधिक जागा देत आहोत.

प्रश्न (राजारामपुरी): ‘गरिबाला आवर घातला, तिथे कोल्हापूरकर फिरायला जातात (३)’ या सूत्राने घरातल्या चौघांना दोन संध्याकाळ अडवून ठेवले. फिरायला जाण्याची ठिकाणे शहरात कितीतरी आहेत. अशा वेळी हे सूत्र न्याय्य कसे मानायचे?

केवळ ‘फिरायला जातात’ एवढ्यावर सूत्र संपले असते, तर आपली तक्रार पूर्णपणे रास्त ठरली असती. परंतु गूढ कोड्यात सूत्राचा एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा भाग तोच शब्द अक्षरांतून जुळवून देतो. दोन्ही वाटा एकाच उत्तराशी मिळाल्या म्हणजे सोडवणाऱ्याला पडताळ्यासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. गरीब म्हणजे ‘रंक’, आवर म्हणजे ‘आळा’, आणि दोन्हींचा संधी केला की ‘रंकाळा’. आपण लिहिता की आजोबांना उत्तर सुचले ते प्रत्यक्ष तलावाच्या कट्ट्यावर बसले असताना. हे वाचून आम्हांला मनापासून समाधान वाटले.

प्रश्न (कागल): ‘पाठमोऱ्या गरिबाला पंचगंगा म्हणावे का? (२)’ या उभ्या सूत्रात पुन्हा गरीबच आला. ‘रंक’ उलटून काहीच हाती लागेना. एकाच कोड्यात असे दोनदा करणे योग्य आहे का?

येथे ‘दीन’ हा शब्द अपेक्षित होता. तो उलटा वाचला की ‘नदी’ मिळते. पंचगंगा हे नदीचे केवळ एक उदाहरण असल्याने सूत्र प्रश्नार्थक ठेवले होते. दुसऱ्यांदा ‘गरीब’ शब्द योजताना आधीच्या उत्तरामुळे वाचक ‘रंक’ याच शब्दाला धरून बसेल, याची आम्हांला कल्पना होती, आणि ती दिशाभूल हेतुपुरस्सर होती. अशी दिशाभूल कोडेकाराने करावी, मात्र सूत्रातील एकही अक्षर खोटे असू नये, एवढे बंधन त्याने पाळलेच पाहिजे. ‘गरीब’ऐवजी ‘दिवस’ असे लिहून आम्ही ‘दिन’ उलटवला असता, तर ‘नदि’ हाती आली असती आणि ती फसवणूक ठरली असती.

प्रश्न (शाहूपुरी): ‘मोडलेले कलम, पाण्यात उमलणारे (३)’ याचे उत्तर मी ‘कमळ’ लिहिले. ते चूक का धरले?

‘कलम’ या शब्दाची अक्षरे विस्कटून पुन्हा जुळवली की ‘कमल’ होते. ‘ळ’ बाहेरून आणता येत नाही.

प्रश्न (गडहिंग्लज): हा प्रकार मुळात इंग्रजीचा. मराठीची अक्षरे त्या चौकटीत बसवण्याचा अट्टहास कशासाठी?

शब्दकोडे परदेशातून आले हे खरेच आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापले गेले, आणि त्यातील गूढ सूत्रांचा प्रकार पुढील दशकात इंग्लंडमध्ये वाढीस लागला. चौकटीची अडचणही आपण अचूक ओळखली आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरांत काम भागते; आपल्याकडे एका ‘क’चीच बाराखडी होते, शिवाय जोडाक्षरे वेगळी, त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एका घरात जुळवताना काना, मात्रा, वेलांटी सगळेच जुळावे लागते. परंतु याच कारणाने मराठीत मिळालेले एक अक्षर सोडवणाऱ्याला कितीतरी अधिक सांगून जाते. राहिला प्रश्न अक्षरांच्या खेळाचा. तो आपल्याला कोणी शिकवायला नको होता. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये येथेच, पन्हाळ्यावर झाला. त्यांनी ओठांनी उच्चारायचे वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘म’ वर्ज्य असल्याने ‘राम’ हे नावच घ्यायचे नाही. हुमाण, कूटश्लोक, श्लेष यांत रमलेल्या भाषेला ही चौकट परकी वाटेल असे आम्हांला वाटत नाही.

प्रश्न (शिरोळ): ‘पैसा खरडला, त्यात गोडी सापडली (३)’. ‘पैसा खरडला’ या शब्दांत ‘साखर’ दडली आहे, हे पटले. पण गोडी म्हणजे साखर कशी? आमच्याकडे गोडी म्हटले की आधी गूळ आठवतो.

आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. ‘गूळ’ दोनच अक्षरांचा असल्याने उत्तर बदलत नाही, पण तेवढ्याने सूत्र निर्दोष ठरत नाही. गोडी हा गुण आहे, साखर ही वस्तू आहे. अर्थाचा भाग ढिला ठेवून आम्ही वर सांगितलेले बंधन स्वतःच मोडले. ते सूत्र पुढीलप्रमाणे हवे होते: ‘पैसा खरडून काढला, तेव्हा आतून कारखान्याचा माल निघाला (३)’. गूळ गुऱ्हाळातून येतो, आणि आपल्या जिल्ह्यात नुसते ‘कारखाना’ म्हटले तरी कोणता माल ते वेगळे सांगावे लागत नाही.