रिंग रोडला, खाली प्लॉटवर पडलेला मलबा आणि कचरा: जबाबदार कोण?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात रिंग रोडच्या कडेला, नाल्याकाठी आणि खाली प्लॉटवर जो कचरा, जो मलबा पडलेला असतो त्याला जबाबदार कोण, लोक की महानगरपालिका? आणि आपल्या शेजारच्या प्लॉटवर कोणी रातोरात ट्रॉली ओतून गेलं तर काय करायचं?

मी घरदुरुस्तीची कामं घेतो. बाथरूम फोडून नवीन करणं, टाईल्स बदलणं, जुन्या घरावर मजला चढवणं, अशी कामं. मलबा जिथून निघतो तिथेच माझा दिवस जातो, म्हणून त्या टोकापासूनच उत्तर देतो.

माझ्या मते पहिला जबाबदार तो, जो पैसे देऊन मलबा उचलायला सांगतो आणि तो कुठे जाणार हे विचारत नाही. म्हणजे घरमालक आणि त्याचा ठेकेदार. ट्रॅक्टरवाला त्यांच्यानंतर येतो. महापालिकेची जबाबदारीही मोठी आहे, पण तिचं काम वेगळं आहे. या दोन जबाबदाऱ्या आपण एकमेकींत मिसळतो आणि त्यामुळे दोन्ही बाजू मोकळ्या सुटतात.

हे घडतं कसं ते बघा. एक साधं बाथरूम फोडलं तरी बऱ्यापैकी मलबा निघतो. बहुतेक ठेकेदारांच्या अंदाजपत्रकात तो उचलण्याचा खर्च धरलेलाच नसतो, कारण धरला तर आकडा वाढतो आणि काम दुसरा घेऊन जातो. मग पोती आठवडाभर गेटबाहेर रस्त्यावर पडून राहतात. शेजारी बोलायला लागले की मालक चौकातल्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावतो. भाव ट्रॉलीवर ठरतो. त्या भावात डिझेल, भरणारे मजूर आणि त्याची स्वतःची मजुरी, सगळं बसवायचं असतं. जितक्या जवळ ओतेल तितके त्याचे पैसे वाचतात. “टाकून देतो भाऊ कुठंतरी, तुम्ही टेन्शन घेऊ नका,” असं तो तोंडावर सांगतो आणि मालक मान हलवतो. तो व्यवहार झाला त्या क्षणीच तुमच्या शेजारच्या प्लॉटचं भवितव्य ठरलेलं असतं. बेसा, हुडकेश्वर, वाठोडा, गोधनी या बाजूंना अर्धवट वसलेले लेआउट भरपूर आहेत. रस्ता आहे, पण दिवे कमी आणि हटकायला माणूस नाही. रात्री जेवणं उरकली की तिकडे ट्रॉल्या निघतात.

असा एखादा ढीग जवळ जाऊन बघा. मानेवाड्याकडून बेस्याकडे जाताना आतल्या एका लेआउटमधला ढीग माझ्या डोळ्यांसमोर आहे. तळाला निळ्या फुलांच्या जुन्या टाईल्सचे तुकडे होते, पाठीला सिमेंटचा थर तसाच चिकटलेला. एक फुटलेलं इंडियन पॅन, पीओपीचे पांढरे ढेकळं, सिमेंटची फाटकी पोती. लोखंड औषधालाही नव्हतं, ते भंगार वेचणाऱ्यांनी केव्हाच नेलेलं. हा झाला पहिला थर. त्याच्यावर डायपर, कॅरीबॅगमध्ये गाठ मारून फेकलेलं शिळं अन्न, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके. खोक्यांवरची नाव-पत्त्याची चिठ्ठी कोणी फाडायचीही तसदी घेतली नव्हती. सगळ्यात वर थर्माकोलची मखर आणि निर्माल्याची थैली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. रिकाम्या, स्वच्छ प्लॉटवर घरची पिशवी फेकायला अजूनही बऱ्याच लोकांना लाज वाटते. मलब्याची पहिली ट्रॉली पडली की ती लाज संपते. पिशवी येते, मग डुकरं येतात, कुत्री येतात, गाई प्लास्टिकसकट अन्न गिळतात. आणि एकदा दोन्ही मिसळलं की ते उचलणंही अवघड होतं. घरोघरी फिरणारी कचरागाडी मलबा घेत नाही. मलब्याला जेसीबी आणि टिप्पर लागतो. ओला कचरा मिसळलेला मलबा भरावालाही कोणी घेत नाही, त्यामुळे तो ढीग कोणाच्याच कामाचा उरत नाही.

आता कायद्याचं. केंद्र सरकारने 2016 साली बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, एप्रिल 2026 पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ज्याच्याकडे मलबा तयार होतो, तो गोळा करून वेगळा ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी त्याचीच, असं 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. तो आपल्या आवारात ठेवायचा किंवा स्थानिक संस्थेने नेमून दिलेल्या जागी पोचवायचा. रस्ता, रहदारी किंवा नाली अडेल असा टाकायचा नाही. दिवसाला 20 टनांपेक्षा जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टन मलबा काढणाऱ्यांनी तर आधी आराखडा द्यायचा होता. आपल्या घरचं बाथरूम या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. पण म्हणून लहान माणूस सुटत नव्हता, त्याला फक्त आराखड्यातून सूट होती. घरच्या कचऱ्याचे नियमही 2016 चेच होते आणि तेही एप्रिल 2026 पासून बदलले. त्यांत असं होतं: कचरा वेगळा करून द्यायचा. रस्त्यावर, उघड्यावर, नाल्यात टाकायचा नाही की जाळायचा नाही. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि तिथला कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकाने घ्यायची, हेही त्यात होतं. आपल्याकडे चौकाचौकांत महाप्रसाद होतात, लॉनवर लग्नं होतात. अन्न वाढायला माणसं असतात, मग पत्रावळी उचलायलाही आयोजकांनी माणसं ठेवलीच पाहिजेत.

महापालिकेचं काय? साफसफाई आणि घनकचरा हे विषय 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातलेले आहेत. म्हणजे ते नागरी संस्थेचं मूळ काम आहे, उपकार नाही. पैसा नाही, माणसं नाहीत हे कारण न्यायालयात चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या नाल्या आणि घाणीबद्दल दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात सांगितलं की तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगून नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येणार नाही. तो निकाल आजही आधाराला घेतात.

नागपूर रोज हजार टनांहून जास्त कचरा काढतं आणि तो भांडेवाडीला जातो. उन्हाळ्यात तिथल्या ढिगाऱ्याला आग लागते तेव्हा त्या बाजूच्या वस्त्यांमधली माणसं धूर खात दिवस काढतात. आपण रिंग रोडला टाकलेलं महापालिकेने उचललं तरी त्याचा भार शेवटी पूर्व नागपूरच्या याच वस्त्यांवर पडतो. हे मला फार खुपतं.

महापालिकेकडून माझी अपेक्षा ढीग उचलण्यापुरती नाही. ढीग उचलला की आठ दिवसांत तिथे दुसरा पडतो. प्रत्येक झोनमध्ये अशी जागा हवी जिथे लहान ठेकेदार एक ट्रॉली मलबा माफक दरात, विनाकटकट टाकू शकेल, आणि ती जागा ट्रॅक्टरवाल्याला तोंडपाठ असायला हवी. शहरभर एकच लांबची जागा ठेवली तर डिझेलचा हिशोबच त्याला नाल्याकाठी नेतो. दुसरी गोष्ट दंडाची. 2017 च्या अखेरीस महापालिकेने माजी सैनिकांना घेऊन उपद्रव शोध पथक सुरू केलं, ते पाऊल चांगलं होतं. पण नंतरची अनेक वर्षं माणसाने रस्त्यावर कचरा टाकला तर 100 रुपये आणि दुकानदाराने टाकला तर 400 रुपये अशा पावत्या फाटत होत्या. ठेलेवाल्यासाठी 400 रुपये म्हणजे दिवसाची कमाई. तेच एखाद्या मोठ्या दुकानदाराला चहापाण्याचा खर्च वाटतो. दंड कचऱ्याच्या वजनावर आणि टाकणाऱ्याच्या ऐपतीवर ठरायला हवा, आणि मलब्याच्या बाबतीत तो ट्रॅक्टरवाल्याबरोबर मालकाच्या घरीही पोचला पाहिजे. आज ट्रॅक्टर पकडला तर चालक भरतो आणि मालकाला कळतही नाही.

अजून एक गोष्ट बोलली जात नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल असा नगरसेवकच नव्हता. वस्तीतल्या माणसाला झोन ऑफिसपर्यंत जाण्याची सवय नसते, नगरसेवकाकडे जाण्याची असते. तो दुवा तुटला की तक्रारी घरातच राहतात.

खाली प्लॉटच्या मालकाचं थोडक्यात सांगतो. प्लॉट त्याचा, तर स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही त्याची. महापालिका त्याला नोटीस देऊ शकते. पण तो पुण्यात किंवा दुबईत असतो आणि भाव वाढायची वाट बघत असतो. निदान कुंपण घाला, नावाचा आणि फोनचा फलक लावा. कुंपण घातलेल्या प्लॉटवर ट्रॉली ओतल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. हद्दीचाही घोळ आहे. रस्त्याची एक बाजू महापालिकेची, पलीकडची ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची, आणि मधला रस्ता तिसऱ्याच खात्याचा. मलबा नेमका तिथेच पडतो, कारण तिथे तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

जबाबदार नसलेला माणूस मात्र नक्की सांगता येतो: पहाटे झाडू मारणारी ऐवजदार, म्हणजे बदली सफाई कामगार, बाई. “यांना पगार कशाचा मिळतो?” असं लोक सहज बोलून जातात तेव्हा मला राग येतो. आमच्या भागात ती उजाडायच्या आधी येते, ढीग करते, आणि ती वळत नाही तोच कोणीतरी गॅलरीतून पिशवी सोडतो. फुटलेली काच कागदात न गुंडाळता पिशवीत टाकली तर बोटं कापतात ती तिची.

तुम्ही म्हणाल, एका ट्रॉलीने काय बिघडतं? 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत धुवाधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या घरांत शिरलं आणि माणसं गेली. त्या पुराची कारणं अनेक होती, सगळा दोष मलब्यावर टाकणं चुकीचं होईल. पण नाल्याच्या काठावर ट्रॉली-ट्रॉलीने भराव पडत गेला की पाण्याची वाट अरुंद होते, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आणि नाग नदीतलं प्लास्टिक नागपुरात थांबत नाही. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपली घाण गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांपर्यंत जाते.

आता करायचं काय, ते.

तुम्ही घराचं काम काढणार असाल तर ठेकेदाराकडून मलब्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या आणि जागेचं नाव विचारा. माझ्या कामांत ती ओळ असतेच, त्यावरून कामं हातची गेली तरी मी ती काढत नाही. मलबा फोडतानाच वेगळा करायला सांगा. स्वच्छ विटांचे तुकडे, काँक्रीट आणि टाईल्सना मागणी असते. नागपूरच्या काळ्या मातीत जोत्याला भराव लागतोच आणि मुरूम महाग आहे. जवळच कुठे पाया भरत असेल तर तो मालक हा माल आनंदाने घेतो. पीओपी मात्र त्यात जाऊ देऊ नका, ओल लागली की तो भुसभुशीत होतो. प्लास्टिक आणि काचही बाजूला. एवढं केलं तर टाकायला उरतं ते फार थोडं.

शेजारी कोणी ओतून गेलं असेल तर दुसरी ट्रॉली यायच्या आत हालचाल करा. फोटोत ट्रॅक्टरचा नंबर, मागे ओळखू येईल अशी खूण आणि वेळ हवी. ट्रॉलीला बहुधा नंबर नसतो, म्हणून इंजिनाचा घ्या. ढिगात पत्ते लिहिलेले खोके असतील तर त्यांचेही फोटो काढा, पण ते वस्तीच्या ग्रुपवर टाकू नका, तक्रारीला जोडा. मनपाचे दहा झोन आहेत. आपला झोन कोणता ते बघून स्वच्छता निरीक्षकाच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि केंद्र सरकारच्या स्वच्छता ॲपवरही टाका, म्हणजे तारीख नोंदली जाते. भांडायला ट्रॅक्टरसमोर एकट्याने रात्री जाऊ नका.

अर्जाचं काही झालं नाही तर माहिती अधिकारात त्याच अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यापुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, ज्याच्या आधारे रतलामची माणसं लढली. त्याखाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जावर लेआउटमधल्या पाच-सात घरांच्या सह्या घ्या, आणि प्लॉटमालकाला त्याची प्रत पोस्टाने पाठवा.